वाकवायच्या राहिलेल्या दोन खुंट्या

ठणक्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आम्हा बाकीच्यांचा सातला. मधले अडीच तास तो कड्या भाजत असे.

कड्या म्हणजे चिनीमातीच्या, पांढऱ्या, अंगठी जरा मोठी असावी तशा. पुलाच्या लोखंडी गर्डरवर लोखंडी खुंटी उभी करायची, तिच्या पायाशी कडी ठेवायची आणि वरून वेल्डिंगची गन दाबायची. क्षणभर उजेड होतो, खुंटीचा पाय वितळतो आणि गर्डरला चिकटतो. वितळलेले लोखंड इकडेतिकडे पळू नये म्हणून ती कडी. जोड थंड झाला की ती फोडून टाकायची. पण कडीत ओल शिरलेली असेल तर लोखंडात बुडबुडे राहतात. वरून काही दिसत नाही, जोड मात्र आतून पोकळ. म्हणून कड्या आधी भट्टीत दोन तास भाजायच्या. हे पाकिटावर छापलेले असायचे. पाळणारा माणूस मी एकच पाहिला.

खुंट्या कशाला, तेही सांगतो. खाली लोखंडाचा गर्डर, वर काँक्रीटचा स्लॅब. दोघे एकमेकांवर नुसते ठेवले तर वजन आले की आपापल्या वाटेने वाकतात आणि एकमेकांवरून घसरतात. खुंट्या दोघांना धरून ठेवतात. मग दोघे मिळून ओझे घेतात. कागदावर त्यांना स्टड म्हणत. आम्ही खुंट्याच म्हणायचो. स्लॅब ओतला की त्या त्याच्या पोटात जातात आणि पुन्हा कोणाला दिसत नाहीत.

ठणक्या एका पाळीत तीनशे खुंट्या बसवायचा. सगळे काम गुडघ्यांवर. गन जड नसते, पण मागची केबल मनगटाएवढी असते. दर खुंटीला ती फूटभर ओढावी लागते. तीनशे वेळा ओढून पाहा, मग कळेल.

बसवलेल्या प्रत्येक खुंटीवर तो हातोडीने एक टोला द्यायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. चांगली खुंटी ठण वाजते, कच्ची ठप. त्यावरून त्याचे नाव पडले. पुढे त्याच्या कमरेने दुखणे धरले तेव्हा नाव दोन्हीकडून लागू झाले.

आणखी एक नियम होता. पाळी सुरू झाली की पहिल्या दोन खुंट्या हातोडीने ठोकून वाकवायच्या, पार तिरप्या होईपर्यंत. पाय तडकला नाही तर गनची मापे बरोबर आहेत, चालू द्या. तडकला तर मापे बदलायची आणि पुन्हा दोन बसवून वाकवायच्या. ज्या तडकल्या नाहीत त्या सरळ करायच्या नसतात. तशाच वाकड्या ठेवायच्या आणि त्यांच्यावर काँक्रीट ओतायचे.

एकदा नवा मुकादम आला. शिस्तीचा माणूस. त्याने गर्डरवर वाकड्या खुंट्या पाहिल्या आणि एका मजुराला पाइप देऊन सरळ करायला बसवले. ठणक्या पलीकडच्या टोकाहून धावत आला.

"कुणी सांगितलं हे?"

"मी सांगितलं," मुकादम म्हणाला. "वाकडं काम चालणार नाही आपल्याकडे."

"साहेब, ती पास झालेली आहे. म्हणून वाकडी आहे."

"आणि या सरळ?"

"त्यांची परीक्षा झालेली नाही. त्या नुसत्या उभ्या आहेत."

मुकादमाला हे पटायला दोन दिवस लागले. तोवर आम्ही त्याला पाहिले की उगाच कंबर वाकवून चालायचो. "काय रे, काय झालं?" "पास झालो, साहेब."

मी त्या पुलावर व्हायब्रेटर धरायचो. ओतलेल्या काँक्रीटमध्ये त्याची थरथरणारी सोंड घालून त्यातली हवा काढायची, काँक्रीट खुंट्यांच्या पायापर्यंत पोचवायचे. म्हणजे खुंट्या ठणक्याच्या आणि त्यांना झाकणारा मी. सहा वर्षे आम्ही एकामागून एक काम केले. डबा एकत्र खाल्ला. त्याच्या घरी माझे जाणे होते. एक खोली, वर पत्रा, बाहेर मोरी. बायको तोंडाने तिखट आणि हाताने उदार. मुलगी तेरा वर्षांची, अभ्यासात पुढे.

"भावोजी, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणायची. "हा माणूस पहाटे उठून त्या मातीच्या कड्यांना ऊब देतो. मला लग्नात दिलेली शाल सोडली तर काय दिलं?"

"घराला स्लॅब टाकून देणार आहे," ठणक्या म्हणायचा.

"ऐकतेय. पत्र्यालासुद्धा पाठ झालं ते."

तो खरेच साठवत होता. दर महिन्याला काही ना काही बाजूला पडायचे. विडी नाही, चहा घरचा. पत्रा उन्हाळ्यात तापायचा आणि पावसात एवढा वाजायचा की मुलीला पाठांतर ओरडून करावे लागे.

मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, बरे झाले असे वाटले आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. ठणक्या रात्रभर तिच्या उशाशी होता. सकाळी तिनेच त्याला हाकलले. "जा. उद्या स्लॅब आहे म्हणालात ना? दुपारपर्यंत या."

तो साइटवर आला तेव्हा दहा वाजले होते. तिसऱ्या गर्डरच्या टोकाला बेचाळीस खुंट्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट येणार हे ठरलेले, आणि गन चालवणारा दुसरा कोणी नव्हता. मुकादम म्हणाला, "बेचाळीस लाव आणि जा. मी अडवत नाही."

भट्टी थंड होती. आदल्या दिवशी फोडलेले कड्यांचे पाकीट रात्रभर उघडे राहिले होते आणि दव पडले होते. दोन तास भाजायला वेळ नव्हता. त्याने कड्या शर्टाला पुसल्या आणि कामाला लागला.

पहिल्या दोन त्याने वाकवल्या नाहीत. वाकवायला पाच मिनिटे लागतात. पण एखादी तडकली की मापे बदला, पुन्हा दोन लावा, पुन्हा वाकवा, यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास त्याला हॉस्पिटलसाठी हवा होता. टोले त्याने सगळ्यांना दिले. पण मान वाकडी केली नाही. हात गर्डरवर होता, कान हॉस्पिटलात.

साडेअकराला तो सुटला. बसथांब्यावर बस आली नाही. आली ती भरलेली. तो पोचला तेव्हा सव्वा वाजला होता. वहिनी बारा वाजून दहा मिनिटांनी गेली होती.

मुलगी बाहेर बाकावर बसलेली. ती एवढेच म्हणाली, "बाबा, आईने दोनदा वेळ विचारली."

दुसऱ्या दिवशी काँक्रीट आले. ठणक्या घरी होता. मी व्हायब्रेटर घेऊन तिसऱ्या गर्डरच्या टोकाला गेलो आणि थांबलो. सहा वर्षे माझी नजर त्या दोन वाकड्या खुंट्यांना सरावली होती. पाळी सुरू झाल्याची खूण. इथे सगळ्या सरळ होत्या. बेचाळीसच्या बेचाळीस.

मुकादम ओरडला, "काय बघतोस? माल घट्ट होतोय."

सांगायचे तर त्याच वेळी सांगायला हवे होते. काम थांबले असते, चौकशी झाली असती आणि ज्याच्या घरी काल माणूस गेले त्याला बोलावून विचारले असते की बाबा, तू दोन खुंट्या का नाही वाकवल्यास. मी सोंड आत घातली.

पूल पूर्ण झाला. आमची टोळी दुसऱ्या शहरात निघाली. ठणक्याला गनवर जास्त पगार देऊ केला होता. तो गेला नाही. पुलावर रखवालदाराची जागा निघाली होती, जवळजवळ निम्म्या पगाराची. ती त्याने मागून घेतली.

त्या जागेला एक काम चिकटलेले होते. कॉलेजच्या एका बाईंनी पुलाखाली, गर्डरच्या टोकांना आठ डायल बसवल्या होत्या. घड्याळासारख्या गोल, एका काट्याच्या. काँक्रीटचा स्लॅब लोखंडावरून किती सरकतो ते त्या दाखवतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. रोज एकाच वेळी, ऊन लागायच्या आत, त्या वाचून वहीत आकडे लिहायचे. ऊन लागले की लोखंड ताणते आणि आकडा खोटा येतो. म्हणजे ठणक्या पुन्हा साडेचारला उठू लागला.

मीही फार दिवस बाहेर राहिलो नाही. खांद्याने काम सोडले तसा परत आलो आणि पुलाजवळच एका गोदामात लागलो. तेव्हा त्याला विचारले, "गन सोडून घड्याळं बघत बसलास?"

"वेळ बघतोय," तो म्हणाला.

सहावी डायल तिसऱ्या गर्डरच्या त्या टोकाला होती. वर्षभरात इतरांचा काटा वीसबावीस घरे सरकला, सहावीचा एकतीस. दुसऱ्या वर्षी सगळ्या थोड्या थोड्या पुढे गेल्या, तिसऱ्या वर्षी त्याहून कमी. बाईंनी त्याला आधीच सांगितले होते की असे होणार. काँक्रीट वाळताना आकसते, सतत वजन असले की हळूहळू दबत जाते. खुंटीच्या पायाशी तर सगळ्यात जास्त. जमिनीत रोवलेल्या खुंटाला गुराने रोज ओढ द्यावी आणि खुंटाभोवतीची माती सैल व्हावी, तसे. पहिली काही वर्षे सरकते, मग बसते.

"आणि सहावी जास्त का?" ठणक्या विचारायचा.

"त्या टोकाला दुपारचं ऊन लागतं. तिथलं काँक्रीट लवकर वाळलं."

दर तीन महिन्यांनी बाई वही न्यायला यायच्या. दर वेळी तो हाच प्रश्न विचारायचा. बाई हसून तेच उत्तर द्यायच्या. तो मान हलवायचा आणि त्याच्या तोंडावर दिसायचे की पटलेले नाही.

घरी मुलीने शाळा सोडली होती. कोणी सोड म्हटले नव्हते. आई गेली, बापाचा पगार निम्मा झाला, पाणी, स्वयंपाक, गावाहून आणलेली आजारी आजी सगळे तिच्याकडे आले आणि एक दिवस दप्तर खुंटीवरून उतरलेच नाही. पुढे ती शिवणकाम शिकली आणि एका कपड्यांच्या कारखान्यात लागली. कारखाना नदीपलीकडे. ती रोज सकाळी बसने त्या पुलावरून जायची आणि संध्याकाळी परत यायची. ठणक्या दोन्ही वेळा पुलाखाली, सहाव्या डायलपाशी उभा असायचा. बस गेली की काटा थरथरायचा आणि परत जागेवर यायचा. एकदा मी त्याच्या शेजारी होतो. बस गेली. काटा स्थिर झाल्यावर त्याने श्वास सोडला.

"सांगून टाक ना बाईंना," मी म्हणालो असतो. पण मग मला माहीत आहे हे कबूल करावे लागले असते.

अशी चौदा वर्षे गेली. चौदा वर्षांत त्याने एकही सकाळ चुकवली नाही. ताप असला तरी गेला. वहीत कुठे खाडाखोड नाही.

मग पुलाच्या टोकाचा सांधा बदलायचे काम निघाले. स्लॅबच्या टोकाची फूटभर पट्टी फोडायची, नवी पट्टी बसवायची. सहाव्या डायलचे टोक त्यातच होते. पण त्या दोन खुंट्या फुटाच्या पुढे होत्या, हातभर आत. ठणक्याला ते अंतर पाठ होते. त्याने तीन रात्री विचार केला असावा, कारण चौथ्या दिवशी तो दाढी करून कॉलेजात गेला. मला बरोबर चल म्हणाला.

बाईंचे केस तोवर पांढरे झाले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ओली कडी, न वाकवलेल्या खुंट्या, बेचाळीस.

"चौदा वर्षं मला का नाही सांगितलंत?"

"रोज लिहून देत होतो, बाई."

बाईंनी कपाटातून आपला जाड प्रबंध काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मी त्या सहाव्या डायलवर अख्खं प्रकरण लिहिलंय. दुपारच्या उन्हावर."

"ऊनही असेल," ठणक्या म्हणाला. त्यांना बरे वाटावे म्हणून.

त्यांनी पत्र दिले. पुलाच्या कार्यालयाने कळवले की पूल सुस्थितीत आहे, जादा तोडफोडीची गरज दिसत नाही, पैशाची तरतूद नाही. कोणाला हौस असेल तर त्याने खर्च सोसावा, आम्ही परवानगी देऊ. बाईंचे संशोधनाचे पैसे कधीच संपले होते. त्या स्वतःचे द्यायला निघाल्या. ठणक्याने हात जोडले. "माझं काम आहे."

मुलगी घरी मला म्हणाली, "काका, तुम्ही तरी समजवा. स्लॅबसाठी ठेवलेत ते. आईला सांगितलेलं त्यांनी."

मी ठणक्याला म्हणालो, "पोरगी काय म्हणते ऐकलंस?"

"ती रोज त्याच्यावरून जाते," तो म्हणाला.

एक मार्गिका आणखी दोन दिवस बंद ठेवायची, कापायचे यंत्र, लवकर पक्के होणारे काँक्रीट, रखवाली. साठवलेले जवळजवळ सगळे गेले. चार फूट लांब, तीन फूट रुंद एवढा स्लॅब कापून काढला. खुंट्यांभोवतीचे शेवटचे चार बोटे काँक्रीट ठणक्याने स्वतः छिन्नीने फोडले, त्यांना यंत्र लागू नये म्हणून. कमरेने तो सरळ उभा राहू शकत नव्हता. बसून फोडले. तीन तास लागले.

आठ खुंट्या उघड्या झाल्या. करड्या, गंज नाही. त्यातल्या पहिल्या दोन त्याने बोटाने दाखवल्या.

मी म्हणालो, "मला माहीत होतं. त्या दिवशी मी पाहिलं होतं."

"तुला माहीत आहे हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुझ्या नजरेतून काय सुटतं?"

त्याने पहिल्या खुंटीला टोला दिला. मान वाकडी केली. ठण. मग मोठी हातोडी घेऊन तिला वाकवत नेली. ती वाकली. पाय शाबूत. बाई वाकून पाहून म्हणाल्या, "उत्तम."

दुसरीला टोला दिला. ठप.

त्याने आमच्याकडे पाहिले नाही. हातोडी घेतली. तिसऱ्या घावाला ती पायातून मोडली आणि घरंगळत जाऊन कडेला थांबली. मोडलेली बाजू पावासारखी जाळीदार होती. ओली कडी. कोणीही सांगितले असते.

बाकीच्या सहा त्याने वाजवल्या. सहाही ठण. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि मोडलेल्या खुंटीच्या शेजारणी पाहू लागल्या. त्यांच्या पायाशी काँक्रीट दबून नखभर फट पडली होती. दूरच्या खुंट्यांना तेवढी नव्हती.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "हिने पहिल्यापासूनच काही धरलं नसेल. हिचा वाटा या शेजारच्यांनी घेतला. त्या जास्त सरकल्या, पण सुटल्या नाहीत. पुलाला धोका नव्हता. एक गेली तर बाकीच्या वाटून घेतात."

ठणक्या त्या फटीकडे पाहत राहिला. मग त्याने मान वर केली. अडथळ्याच्या दोरीपलीकडे त्याची मुलगी उभी होती, हातात आमचा डबा. कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली होती. सत्तावीस वर्षांची. तो तिच्याकडे इतका वेळ पाहत राहिला की ती म्हणाली, "काय झालं, बाबा?"

"काही नाही. जेवून घे."

नवी खुंटी बसवायला एक तरुण वेल्डर आला होता. त्याने पाकीट फोडले.

"कड्या भाज," ठणक्या म्हणाला.

"काका, सीलबंद पाकीट आहे. आत्ता फोडलंय."

"भाज."

ठेकेदार घड्याळ दाखवू लागला. ठणक्या म्हणाला, "मार्गिकेचे पैसे माझे आहेत. दोन तास माझे आहेत." वेल्डरने कड्या भाजल्या. आम्ही दोन तास बसलो. मग खुंटी लागली, ठणक्याने ऐकली आणि स्वतः वाकवली. तशीच ठेवली. व्हायब्रेटर मी धरला. खांदा ओरडत होता, पण तो मी दुसऱ्याला दिला नसता.

त्यानंतर ठणक्याने डायलचे काम सोडले. पण साडेचारला जाग यायची ती येतच राहिली. उठून तो दारात बसायचा. एकदा मला म्हणाला, "तो अर्धा तास मी वाचवला आणि बसथांब्यावर घालवला. वाकवल्या असत्या तरी तेवढ्यालाच पोचलो असतो." हिशेब बरोबर होता.

दोन पावसाळे तो त्या पत्र्याखाली राहिला. दुसऱ्यात गेला. त्या दिवशीही पत्रा एवढा वाजत होता की शेवटी तो काय म्हणाला ते मुलीला नीट ऐकू आले नाही.

लोक तिला विचारत, बापाने एवढी वर्षे साठवलेले गेले कुठे. एकदा मी तिच्याबरोबर बसमध्ये होतो. पूल संपत आला तशी तिने खिडकीतून बोट दाखवले. टोकाजवळ रस्त्यात एक चौकोन होता, चार फूट बाय तीन फूट, बाकीच्यापेक्षा जरा फिकट.

"तो आमचा स्लॅब," ती म्हणाली.